सोसायटीच्या सभेत हात वर करण्याआधी

सभासद झालात, आता ३० सप्टेंबरच्या आत होणारी वार्षिक सभा चुकवू नका. पण अजेंडा घरूनच वाचून या. शेजाऱ्याचा हात वर गेला म्हणून आपलाही, असं करू नका. लिफ्टच्या देखभालीची कोटेशन्स आली असतील तर नुसता स्वस्त आकडा पाहू नका. सुटे भाग त्यात धरलेत का, जीएसटी वेगळा आहे का, हे सचिवांना मतदानाआधीच विचारा.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे, की मत ठरावाला द्यायचं, माणसाला नाही. पार्किंगवरून ज्यांच्याशी वाजलंय, त्यांनी वॉटरप्रूफिंगचा ठराव मांडला तरी गच्ची गळतेच ना? आणि जवळच्या मित्राचा ठराव पटला नाही, तर बिनधास्त विरोध करा, विरोधाचं कारण तिथेच दोन वाक्यांत सांगा आणि इतिवृत्तात नोंदवायला लावा. नंतर जिन्यात कुजबुजणं मला अजिबात पटत नाही.

१९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे एका सभासदाला एकच मत, फ्लॅट दोन असले तरी. समसमान मतं पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत. ठराव मंजूर झाला की विरोधात असलात तरी वर्गणी वेळेवर भरा.