श्वागेर, स्वोयाक आणि ‘ब्रदर-इन-लॉ’: मेहुणा की साडू?

प्रश्न थोडक्यात असा: सुनेच्या युक्रेनी माहेरची वंशावळ मराठीत लिहायची आहे. तिचे खापरपणजोबा १९१०च्या सुमारास गॅलिशियातून (आजच्या पश्चिम युक्रेनच्या भागातून) अमेरिकेला गेले. जहाजाच्या यादीत ते ‘ब्रदर-इन-लॉ’कडे निघाल्याची नोंद आहे. घरच्या पत्रांत त्यांनी त्याच माणसाला एकदा ‘श्वागेर’ आणि एकदा ‘स्वोयाक’ म्हटलं आहे. मराठीत ‘मेहुणा’ लिहावं का?

नका लिहू इतक्यात. तो साडू असण्याची शक्यता जास्त आहे. मुळात मधली इंग्रजी पायरी गाळा. युक्रेनी नाती इंग्रजीत गेली की एकाच शब्दात कोंबली जातात. मराठीत आणली की बहुतेक आपापल्या जागी बसतात. नवऱ्याचा भाऊ दीवेर, म्हणजे आपला दीर. दोन्ही शब्द एकाच मुळाचे, संस्कृत ‘देवृ’ त्याच कुळातला. नवऱ्याच्या भावाची बायको यात्रिवका. आपली ‘जाऊ’ ज्या ‘यातृ’वरून आली तो संस्कृत शब्द हिचाच सख्खा. नवऱ्याची बहीण झोवित्सिया, म्हणजे नणंद. बायकोचा भाऊ शूरिन, म्हणजे मेहुणा. बायकोच्या बहिणीचा नवरा स्वोयाक, म्हणजे साडू. मुलामुलीच्या सासरकडचे आईवडील स्वाखा आणि स्वात: विहीण आणि व्याही. या जोडीला इंग्रजीत शब्दच नाही.

तुमचा घोळ ‘श्वागेर’मुळे झाला आहे. हा जर्मन शब्द. गॅलिशिया १९१८पर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता, तिथे तो रुळला आणि शूरिन, दीवेर, स्वोयाक या सगळ्यांवर पांघरला गेला. म्हणून एकाच माणसाला दोन्ही शब्द लावले तर त्यात विसंगती नाही; नेमका शब्द धरायचा, तो स्वोयाक. प्रवासी पुरुष असल्यामुळे दीर तर आधीच बाद होतो. पण सैल बोलण्यात स्वोयाक कुठल्याही सोयऱ्याला म्हणतात, तेव्हा पडताळा हवाच.

तो असा करा. गॅलिशियातल्या ग्रीक कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या बहुतेक लॅटिनमध्ये आहेत. दोन्ही कुटुंबांतल्या एकेका मुलाची बाप्तिस्म्याची नोंद काढा. आईच्या नावापुढे बहुधा तिच्या आईवडिलांची नावं असतात. दोन्हीकडे आजी-आजोबा तेच निघाले तर बायका सख्ख्या बहिणी, आणि साडू पक्का. नुसतं आडनाव जुळलं तर थांबा. एका गावात एकाच आडनावाची बरीच घरं असतात. त्या नोंदींत घराचा क्रमांकही असतो, तो आधी जुळवा.

जहाजाची यादी बंदरावर, हॅम्बुर्ग किंवा ब्रेमेनला, जहाज कंपनीचे कारकून भरत. ‘कोणाकडे जाणार’ या रकान्यात प्रवाशाने सांगितलेलं नातं कारकुनाला समजेल तसं उतरे. १९०७नंतरच्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नाव-पत्ताही असतो. तो रकाना वाचल्याशिवाय पान मिटू नका, गाव बऱ्याचदा तिथेच सापडतं. ‘ब्रदर’ असूनही आडनाव वेगळं दिसलं तर तो चुलत, मामे, आते किंवा मावसभाऊ असू शकतो. युक्रेनीतही या सगळ्यांना ‘भाऊ’च म्हणतात, पुढचं विशेषण बोलताना गळतं. आपणही चुलतभावाची ओळख ‘हा माझा भाऊ’ अशीच करून देतो.

‘अंकल’ दिसला तर मूळ शब्द पाहा. स्त्रिय म्हणजे वडिलांचा भाऊ, काका (उच्चारातल्या साम्याने फसू नका, स्त्रीशी संबंध नाही). वुयको म्हणजे मामा. मात्र गॅलिशियात कुठल्याही वडीलधाऱ्याला वुयको अशी हाक मारतात, आपण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला काका म्हणतो तशी. पत्रातल्या हाकेवरून वंशवृक्षात मामा चढवू नका.

दोन शब्द पिढीच चुकवतात. झ्यात म्हणजे जावई आणि बहिणीचा नवराही. नेविस्तका म्हणजे सून आणि भावजयही. इथे वय बघितल्याशिवाय काही लिहू नये. ब्रातानिच म्हणजे भावाचा मुलगा, पण मराठीत तो पुतण्या की भाचा हे बोलणाऱ्यावर ठरतं: पुरुषाने लिहिलं असेल तर पुतण्या, बाईने लिहिलं असेल तर भाचा. सेस्त्रिनेत्स, बहिणीचा मुलगा, दोघांनाही भाचाच.

‘कूम’ला मात्र मराठी शब्द शोधू नका. मुलाच्या बाप्तिस्म्याचा धर्मपिता आणि मुलाचे आईवडील एकमेकांचे कूम होतात. भाषांतरात त्याला ‘गॉडफादर’ करतात, आणि मग पत्र लिहिणाराच धर्मपुत्र ठरतो. चर्चच्या वहीत ‘पात्रिनी’ या लॅटिन रकान्यात धर्मपिता आणि धर्ममाता असतात. ती रक्ताची माणसं असतीलच असं नाही, शेजारीही असतात.

तुमच्या वहीत सध्या एवढंच लिहा: ‘स्वोयाक (साडू), जहाजाच्या यादीत ब्रदर-इन-लॉ’. बाप्तिस्म्याच्या नोंदी जुळेपर्यंत पुढे प्रश्नचिन्ह ठेवा.