वडिलांना क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) आहे, मी जनुकीय चाचणी करून घेऊ का?

माझं मत विचाराल तर पैसे वाचवा. क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जनुक, एनओडी2, 2001 साली सापडलं. जिवाणूच्या भिंतीचा तुकडा ओळखून पेशीला सावध करणं हे त्याचं काम. युरोपीय वंशाच्या लोकांत त्यातले तीन बदल धोका वाढवतात. आई आणि वडील दोघांकडून आले तर धोका चांगलाच वाढतो. तरी ते असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही. आणि भारतीय रुग्णांत हे तिन्ही बदल क्वचितच दिसतात, मग रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला म्हणून कळलं काय? डोंबल! एव्हाना क्रोन्सशी जोडलेल्या अशा 200 हून जास्त जागा आपल्या डीएनएत सापडल्यात, बहुतेकींचा वाटा चिमूटभर.

वडिलांचं मात्र वेगळं. त्यांना अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) सुरू करणार असतील, तर आधी एनयूडीटी15 हे जनुक तपासायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्यातला एक बदल आपल्याकडे बऱ्यापैकी आढळतो. तो असेल तर या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड उतरू शकतात, केस पुंजक्याने गळतात.

तुम्ही सिगारेट ओढत असाल तर सोडा, तिनेही क्रोन्सचा धोका वाढतो. जुलाब हटत नसतील, शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर पोटविकारतज्ज्ञांना गाठा.