घोरपड पोवाड्यातच राहू दे

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पुस्तकातलं सिंहगडाचं प्रकरण एका बैठकीत वाचून काढलं. लिहिण्याला ओघ आहे, त्याची काळजी नाही. काळजी आहे ती पहिल्याच पानावर कडा चढणाऱ्या यशवंती घोरपडीची. ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली. तिथे ती शोभते, तिथून तिला कुणी हुसकावू नये. इतिहासाच्या पुस्तकात आणायची तर 'शाहीर सांगतो' एवढं तरी सोबत हवं. तेवढ्याने रंगाचा बेरंग होत नाही.

सभासदाची बखर, म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेलं शिवचरित्र, पुन्हा काढून बस. तिच्यात घोरपड नाहीच. तीनशे माणसं वानरांसारखी कडा चढतात. गडाचा मोगल किल्लेदार उदेभान याच्याशी झुंजताना तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, मग तो डाव्या हाताचीच ढाल करतो आणि वार झेलतो. दोघेही पडतात. तानाजीचा भाऊ सूर्याजी उरलेल्यांना सावरून गड घेतो, पागेला आग लावतात आणि तो उजेड राजगडावरून दिसतो. इतकं हाताशी असताना तानाजीच्या मनातल्या विचारांवर दीड पान कशाला खर्ची घातलंस? ते विचार कुणी टिपून ठेवलेले नाहीत. वेळेवर न मिळालेली दुसरी ढाल मात्र लिहिलेली आहे, आणि तुझ्या प्रकरणात नेमकी तीच नाही!

सभासदावरही डोळे झाकून विसंबू नकोस. लढाई ४ फेब्रुवारी १६७०ची, बखर १६९७च्या सुमारास जिंजीला लिहिलेली. मधे सत्तावीस वर्षं गेली. तेव्हा ढालीच्या वाक्यातही 'सभासद लिहितो' असू दे.

आता शेवट. 'गड आला पण सिंह गेला' म्हणून महाराज गडाचं नाव बदलतात, असं तू लिहिलं आहेस. सभासदाचे महाराज म्हणतात ते एवढंच, की एक गड घेतला, पण एक गड गेला. नामकरण तर टिकतच नाही, कारण महाराजांच्या १६६३च्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आहेच. टाळीचा शेवट हातचा गेला म्हणून हिरमुसू नकोस. नामकरणाची गोष्ट वाचक शाळेपासून ऐकत आलाय. त्याच्यापुढे सात वर्षं आधीचं पत्र ठेवलंस, तर तो सावरून बसेल. माझं ऐकशील तर प्रकरणाची सुरुवातच त्या पत्राने कर.

नवा खर्डा धाडशील तेव्हा ते दीड पान कापूनच धाड. आग्र्याच्या पेटाऱ्यांवरून पुढच्या पत्रात भांडू.