पोळी करपली, पण मारलं कोणी?

प्रश्न : नमस्कार सर, मी नाशिकरोडला राहते, कथा लिहिते. नवीन कथेत नवरा बायकोला मारतो असा प्रसंग आहे, सासू बाहेर ओट्यावर मेथी निवडत बसलीय. आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणाले शिव्या काढ, फार हिंसक वाटतंय, एक मैत्रीण म्हणाली उलट अजून घाल. काय करू? सोबत पान पाठवतेय.

उत्तर : ताई, पान तीनदा वाचलं. शिव्यांचं नंतर बोलू, मी अडलो ते एका साध्या वाक्यापाशी. "पोळी करपली म्हणून तिला मार बसला." बघा ना, यात पोळी आहे, ती आहे, मार आहे, पण नवरा कुठेय? आपल्याकडे मार बसतो, मार पडतो, पाऊस पडावा तसा, आणि ज्याने हात उचलला तो वाक्यातून अलगद सुटतो. बातमीतही तेच, 'विवाहितेला मारहाण'. मला हे शिवीपेक्षा जास्त बोचतं कारण वाचताना कळतच नाही.

दलित कथाकार बाबुराव बागूल तुमच्या जवळच्याच विहितगावचे. त्यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (संग्रह १९६३ चा) काढून परत वाचा. रेल्वेत नोकरीला लागलेल्या नायकाची जात कळते, लोक त्याला मारतात आणि शेवटी तो म्हणतो की मला यांनी नाही, मनूने मारलं. मारणारे हात समोर दिसत असतानाही तो त्यांच्या मागचा कर्ता शोधून काढतो, मला आजही तिथे थांबावं लागतं.

आता शिव्या. नामदेव ढसाळांच्या 'गोलपीठा' (१९७२) या मुंबईच्या वेश्यावस्तीवरच्या कवितासंग्रहातले कितीतरी शब्द प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनाही माहीत नव्हते, पण ते काढले तर ढसाळांची ती वस्तीच कवितेतून जाईल. तुमच्या पानात नवऱ्याची पहिली शिवी तशी आहे, ती ठेवा, पुढच्या चार नुसत्या धक्का द्यायला आल्यात, त्या काढा. त्याऐवजी "त्याने तिच्या हातातलं तापलेलं उलथनं ओढून घेतलं आणि तिच्याच दंडावर टेकवलं" असं काहीतरी, कर्त्यासकट, लिहून बघा. लिहिताना हात जड होईल, होऊ द्या.

आणि ते मार बसल्याचं वाक्य फेकू नका हं, ते सासूचं आहे. शेजारीण विचारते काय गं झालं, आणि मेथीची काडी मोडत सासू म्हणते, "काही नाही, पोळी करपली म्हणून मार बसला तिला."