आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात, प्रार्थना करूनही फरक नाही, मंडळीतले म्हणतात विश्वास कमी पडतोय. ख्रिस्ती विश्वास टिकवायचा कसा?

तुमच्या प्रश्नातलं ते "विश्वास कमी पडतोय" वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी भुसावळात माझ्या स्वतःच्या घरात ऐकलंय, तेही सख्ख्या जेठांच्या तोंडून.

माझे मिस्टर रेल्वेत होते. शुगरने किडन्या गेल्या, मग आठवड्यातून तीनदा जळगावला डायलिसिस, एका वेळेला चार तास. बाकी तुम्हाला सांगायला नकोच. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि ह्या माणसाला पाणी मोजून. सकाळी बाटली भरून ठेवायची, चहासुद्धा त्यातूनच वजा. बाटली संपली की बर्फाचा खडा गालात धरून बसायचे, तो लवकर विरघळू नये म्हणून बोलायचे नाहीत, नुसत्या खुणा करायचे. केळीच्या मुलखात राहून केळं बंद, पोटॅशियममुळे, बटाटासुद्धा उकडून पाणी फेकून. आणि एवढं सगळं असून मशीनवर जाताना शर्टाच्या खिशात बायबलचा छोटा नवा करार असायचाच. शेजारच्या बेडवर यावलकडचे एक माळकरी काका यायचे, ते अभंग म्हणायचे, हे उपासनेतली भजनं, दोघांचं फार छान जमायचं.

अशात जेठांनी बाहेरगावच्या एका प्रचारकांना घरी आणलं. त्यांनी डोक्याला तेल लावून प्रार्थना केली, इथवर ठीक, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, 5:14 मध्ये तेच आहे. पण उठता उठता म्हणाले, खरा विश्वास असेल तर उद्या सुया टोचून घ्यायला जाऊ नका. जेठ लगेच आमेन! मी हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, मग त्रफिमाचं काय? प्रेषित पौलाने आपल्या ह्या सोबत्याला मिलेत शहरात आजारी सोडलं, 2 तीमथ्य 4:20, तिथे कोणाचा विश्वास कमी पडला? पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनवणी केली, उत्तर आलं "माझी कृपा तुला पुरे आहे", काटा काढला असं कुठे लिहिलंय? ज्या लूकाचं शुभवर्तमान आपण नाताळात वाचतो तो स्वतः वैद्य होता. जेठ म्हणाले, बायकांनी वाद घालू नये. तर आमच्या सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "देव शे ना, मंग दवाखाना बी त्यानाच शे." दुसऱ्या दिवशी आम्ही डायलिसिसला गेलो.

तुम्ही विचारलंय टिकवायचा कसा. मला तर कित्येक रात्री प्रार्थनेला शब्दच यायचे नाहीत, त्यांना दम लागायचा, पाठीला उशा लावून बसवायचं आणि मी स्तोत्र 88 वाचायचे. त्या स्तोत्रात शेवटपर्यंत उजेड नाही, अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे देवाशी असं बोललेलं चालतं. चिडून बोला, रडून बोला, पण त्याच्याशीच बोला. आणि मंडळीत एखादी तरी अशी ताई असते जी उपदेश न करता बिनमिठाचा डबा आणून देते, तुम्हाला दोन तास झोपू देते. तिला धरून ठेवा. बाकीच्यांचे फोन नाही उचलले तरी चालतं.

मिस्टर गेले. मातीच्या दिवशी कबरस्तानातून परत आल्यावर जेठ पुन्हा तेच बोलले, दोघांपैकी कोणाचा तरी विश्वास कमी पडला. ज्या माणसाने ओठ फुटेपर्यंत तहान सोसली आणि तरी जेवणाआधी आभार मानायचं सोडलं नाही, त्याच्याबद्दल हे. जेठांना विश्वास म्हणजे बरं होण्याची फी वाटते, भरली की पावती मिळाली पाहिजे. मला ते कधीच पटणार नाही.

आता हेही सांगते, मी पाळक नाही. चमत्कार होत नाहीत असंही माझं म्हणणं नाही, आईसाठी बरं होण्याची प्रार्थना जरूर करा, मंडळीच्या वडीलजनांना बोलवा, तेल लावून घ्या. फक्त डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका, अंगात पाणी आणि पोटॅशियम साचलं की हृदय बंद पडायला वेळ लागत नाही. आणि पुढच्या वेळी कोणी आईसमोर विश्वास मोजायला बसलं तर त्यांना त्रफिमाचं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत चहा देऊ नका.