सई, तू गाडीत विचारलंस त्याबद्दल

सई बाळा,

आजीला एअरपोर्टला सोडून येताना तू विचारलंस ना, की कोरियन नवीन वर्षाला, सोल्लालला, सगळे हानबोक, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, घालून आजीआजोबांपुढे गुडघे टेकून वाकतात ते किती मस्त दिसतं, मग मी आजीच्या पाया पडते तेव्हा मला लाज का वाटते? लागलं गं ते मला, म्हणून लिहितेय.

कराडला दसऱ्याच्या संध्याकाळी वाड्यातली सगळी पोरं आपट्याची पानं घेऊन सुटायचो, दारोदार सोनं द्यायचं, वाकायचं, कुणी हातावर वडी ठेवायचं कुणी रुपया. सोल्लालला वाकल्यावर मुलांना पैसे मिळतात ना, तसंच. अण्णाआजोबांच्या हाताला तपकिरीचा वास यायचा, तो आठवला की अजून गळा दाटतो. नलूआत्या तर दोन्ही हातांनी तोंड कुरवाळायची.

पण त्याच दिवशी तुझी आजी पहाटेपासून चुलीपुढे असायची आणि वर डोक्यावर पदर घेऊन प्रत्येक मोठ्या माणसापुढे वाकायची, जे तिला टाकून बोलायचे त्यांच्यापुढेसुद्धा. ते बघताना मला राग यायचा, आजही येतो. कोरियातही सणाला सगळं सुनांच्याच अंगावर पडतं, त्यावरून तिथे बायका बोलायला लागल्यात, पण तू बघतेस त्या व्हिडिओंत ते येत नाही. म्हणून वाकलंच पाहिजे असं मी तुला छातीठोक सांगू शकत नाही.

आणि चांद्र पंचांगाने येणारा तो सोल्लाल आज एवढा झगमगतो, पण जपान्यांच्या राज्यात तो मागे ढकलला होता, नंतर कोरियाच्या स्वतःच्या सरकारनेही कितीतरी वर्षं नवीन वर्ष म्हणून १ जानेवारीच पुढे केली. १९८५ ला एका दिवसाची सुट्टी मिळाली तीही वेगळ्याच नावाने, १९८९ ला कुठे सोल्लाल हे नाव आणि तीन दिवस सुट्टी मिळाली. तोवर लोक घरात करतच होते, कुणी शूटिंग करत नव्हतं तरी.

मला वाटतं तुझी लाज वाकण्याची नाहीच. आम्ही घोळक्याने वाकायचो, इथे तू एकटीच वाकतेस, आणि तुला आवडणाऱ्या कुणाला तसं करताना तू कधी पाहिलेलंही नाहीस.

दिवाळीत जाऊ तेव्हा नको वाटलं तर आजीला मिठी मार, तिला चालेल, मी विचारलंय तिला. फक्त त्या व्हिडिओंत तुला नेमकं काय आवडतं ते मला सांग, खरंच ऐकायचंय.

आई