तेल कुठून जातंय ते आधी शोधा, पंपाचं नंतर बघू

प्रश्न : दादा नमस्कार, मी रेवदंड्याचा, एका शेठची स्पीडबोट सांभाळतो, मांडव्याला असते. एकवीस फुटी, स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, पंख्याचा ड्राइव्ह मागे बाहेर), आत पेट्रोलचं व्ही-सिक्स इंजिन. गणपतीनंतर पाण्यात टाकली तेव्हापासून पॉवर स्टिअरिंगचं तेल दर आठवड्याला कमी होतंय. जेट्टीला लावताना चाक फिरवलं की इंजिनातून कुईं असा आवाज येतो आणि चाक मधेच जड होतं. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, थोडं लालसर तेल दिसतं. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, नवीन बाहेरून मागवावा लागेल. शेठना एवढा खर्च सांगायचा का?

उत्तर : भाऊ, एवढ्यात सांगू नका. कुईं आवाज आणि मधेच जड होणं ही पंप गेल्याची लक्षणं असू शकतात, पण नुसतं तेल कमी झालं तरी अगदी तश्शीच येतात, कारण पातळी खाली गेली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि फेसाळ तेल दाब धरत नाही. म्हणजे आवाज येतोय तो बहुधा तेल कमी आहे म्हणून, आणि तेल का कमी होतंय हे तुमच्या पत्रावरून तरी अजून कुणी बघितलेलं दिसत नाही.

तेल लाल आहे हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तुमच्यासारख्या बोटीत बहुतेक एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) घालतात, ते लाल असतं, इंजिनचं ऑइल तपकिरी नाहीतर काळं. फक्त एक लक्षात घ्या, ड्राइव्ह वरखाली करणाऱ्या ट्रिम पंपाचं तेलही लालसर असू शकतं, तेव्हा त्याचीही टाकी बघा, तिथली पातळी जागच्या जागी असेल तर गळती स्टिअरिंगचीच.

आता तेल फिरतं कसं ते डोळ्यासमोर आणा. इंजिनच्या पुढच्या बाजूला बेल्टवर चालणारा पंप, तिथून जाड प्रेशर होज (दाबाच्या तेलाची नळी) मागे ट्रान्समपाशी, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपाशी, सिलिंडर आणि कंट्रोल व्हॉल्व्हला जातो, तिथून परतीचा होज कूलरमधून फिरून पुन्हा पंपाच्या टाकीत येतो. कूलरमधे एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने समुद्राचं पाणी. एवढ्या रस्त्यात कुठेतरी एका ठिकाणी गळतंय आणि तेल बिल्जमध्ये ओघळतं, त्यामुळे खाली जिथे थेंब दिसतो तिथेच गळतंय असं धरून चालू नका.

पेट्रोलची बोट आहे, तेव्हा आधी इंजिनचं झाकण उघडा, ब्लोअर (पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) कमीत कमी चार मिनिटं चालवा, पेट्रोलचा वास येतो का ते नाकाने बघा आणि मगच चावी. सगळे होज, जोड, पंपाची पाठ, सिलिंडर, सगळं डिग्रीजरने धुऊन सुती फडक्याने कोरडं करा, खाली पांढरे कागद अंथरा, पातळी बरोबर करून घ्या. बोट पाण्याबाहेर असेल तर ड्राइव्हला पाण्याचा पाइप जोडल्याशिवाय इंजिन चालवू नका. एकाने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन बघायचं, आणि टोकाला चाक चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही, तेल भयंकर तापतं. बोटाने चाचपून गळती शोधायची सवय असते आपल्याकडे, ती इथे सोडा. प्रेशर होजमधे दाब हजार पीएसआयच्या वर जातो, बारीक चिरेतून उडालेली धार कातडीतून आत शिरते, वर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत बोट सडायला लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, त्यावर उमटेल. आणि बाही, फडकं बेल्टपासून लांब.

पंपाच्या पुलीमागून इंजिनच्या तोंडावर तेलाचा पट्टा उडालेला दिसला तर शाफ्टचं सील गेलंय, आणि तेव्हाही बऱ्याचदा सील किटवर काम भागतं, अख्खा पंप लागत नाही. होजच्या टोकाशी ओलं असेल तर आतली ओ-रिंग बघा, ती काही रुपयांची वस्तू आहे. मागे ट्रान्समच्या आतल्या बाजूला रॉडवरून थेंब येत असेल तर सिलिंडरचं सील, पण नवीन सील घालण्याआधी रॉडवर नख फिरवा, मिठाने क्रोम खड्डेखड्डे झालं असेल तर नवीन सील महिन्याभरात फाटेल. पंपाच्या टाकीच्या टोपीच्या आसपासच तेल असेल तर कुणीतरी जास्त भरलंय, टोपीच्या काडीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात, थंड इंजिनला गरमच्या खुणेपर्यंत भरलं की तापल्यावर बाहेर येणारच.

आणि यातलं काहीच सापडलं नाही, कागद कोरडा, तरी पातळी उतरतेय, तर कूलर. यावर मी जरा जास्त लिहितो कारण इथे मी स्वतः एका गरीब माणसाचे पैसे घालवलेत. पर्यटकांच्या बोटीचा मालक होता, माझ्या सांगण्यावरून त्याने पंप बदलला, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग टोपी उघडून नीट बघितलं तर तेल गुलाबी, दुधाळ, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं. कूलरची नळी आतून खाऱ्या पाण्याने खाल्ली होती, तेल एक्झॉस्टच्या पाण्याबरोबर समुद्रात जात होतं आणि पाणी तेलात येत होतं, नवीन पंपही त्या पाण्याने खराब केला. तेव्हापासून मी सगळ्यात आधी टोपी उघडून तेलाचा रंग बघतो, तुम्हीही तेच करा. एक्झॉस्टपाशी पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसतो का तेही बघा. संशय आला तर कूलर काढून रेडिएटरवाल्याकडे न्या, तेलाची एक बाजू बंद करून दुसरीकडून थोडी हवा भरायची आणि पाण्याच्या बादलीत बुडवायचा, बुडबुडे आले की कळलं. डाख लावून घेऊ नका, एक भोक पडलं म्हणजे बाकीची नळीही तेवढीच पातळ झालेली असते, कूलर नवीनच घाला. मग परतीचा होज बाटलीत सोडून स्वच्छ लाल तेल येईपर्यंत नवीन तेल घालत राहायचं.

प्रेशर होजवर क्लिप, एम-सील, रबर गुंडाळणं असलं काही नको. जेसीबीचे होज क्रिंप करून (टोकं मशीनने दाबून बसवून) देणाऱ्याकडे जुना होज नमुना म्हणून न्या, तेलाला आणि दाबाला चालेल असाच घ्या. जोडल्यावर इंजिन बंद ठेवून चाक पाच-सहा वेळा पूर्ण फिरवा, तेल घाला, मग इंजिन चालू करून पुन्हा फिरवा. फेस दिसला तर बंद करून तासभर बसू द्या.

बिल्जमधलं तेल शोषणाऱ्या कापडाने टिपून घ्या, तोवर बिल्ज पंपाचा ऑटो स्विच बंद ठेवा आणि नंतर आठवणीने चालू करा. आपल्याच खाडीत ते सोडायचं नाही.

अजून एक. चालत्या बोटीत चाक एकदम जड झालं, टेंपरेचर चढायला लागलं आणि बॅटरी चार्ज होईना, तर गळती शोधत बसू नका, बेल्ट तुटलाय, इंजिन बंद करा. नुसतं तेल गेलं असेल तर चाक खूप जड होतं पण वळतं, जोर लावून किनारा गाठता येतो.

प्रश्न : आमची तारकर्लीला स्कूबाची बोट आहे, ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (मागे बाहेर लावलेली मोटर). चाकाच्या मागून पॅनलवर तेल ओघळतं. मोटारसायकलचं ब्रेक ऑइल घालून चालवू का सीझनभर?

उत्तर : ब्रेक ऑइल अजिबात नको, सीलं फुगून सगळी सिस्टीम जाईल, कंपनीने सांगितलेलं हायड्रॉलिक स्टिअरिंग ऑइलच घाला. तुमचं वरच्यासारखं पॉवर स्टिअरिंग नाही, चाकामागे हातानेच चालणारा पंप आहे आणि त्याच्या शाफ्टचं सील गेलंय, चाक उतरवून ते बदलता येतं. त्याच वेळी मोटरजवळच्या सिलिंडरची दोन्ही टोकंही बघा, रोज गोड्या पाण्याने धुतलं नाही तर रॉडवर वाळलेलं मीठ सील कापतं. नंतर हवा काढायला दोघं लागतील, एक चाकावर, एक मागे ब्लीड निपलपाशी (हवा सोडायच्या तोटीपाशी) बाटली घेऊन. हवा निघाल्यावर चाक टोकाला नेऊन दाबून धरा, हळूहळू सरकत राहिलं तर अजून कुठेतरी हवा किंवा गळती आहे.

आणि तुमच्या बोटीला तेल संपलं की चाक नुसतं गोल फिरतं, मोटर वळतच नाही. पाण्यात माणसं पोहत असतात तिथे तुम्ही बोट फिरवता, त्यामुळे सील बसेपर्यंत एकही पर्यटक बोटीत घेऊ नका, सीझन असला तरी.